पण मिस बेट्सचे ऐकतो कोण?

कादंबरी ऐकून संपवलेला माणूस ‘मी ती वाचली’ असे म्हणताना जरा चाचरतो. ऐकणे ही वाचनातली पळवाट आहे, भाजी चिरता चिरता किंवा लोकलच्या गर्दीत उरकलेले काम आहे, अशी एक समजूत आहे, आणि ती फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. सगळ्या पुस्तकांच्या बाबतीत ती खोटी ठरते असा माझा दावा नाही. तर्कशास्त्राचा ग्रंथ कोणी कानांवर सोपवू नये. पण जेन ऑस्टिनपासून टॉमस हार्डीपर्यंतची, म्हणजे साधारण १८११ ते १८९५ या काळातली जी इंग्रजी कादंबरी घराणी, वारसाहक्क, लग्ने आणि समाजातल्या पायऱ्या यांच्याभोवती फिरते, तिची गोष्ट वेगळी आहे. ती कादंबरी घरातल्या चारचौघांत मोठ्याने वाचली जाईल हे लिहिणाऱ्याला ठाऊक असे. शिवाय तिचा खरा विषय, म्हणजे माणसामाणसांतले वर्गाचे अंतर, हा घटनांपेक्षा बोलण्यात जास्त राहतो: कोण किती बोलतो, कोणाला मध्येच तोडले जाते, कोणाचे कोणी ऐकतच नाही. अशा कादंबरीत डोळा जे ओलांडून पुढे जातो ते कानाला ओलांडता येत नाही, आणि म्हणून ती ऐकणाऱ्याच्या पदरात कमी नव्हे, काही बाबतींत जास्तच पडते.

पुरावा खुद्द ऑस्टिनच्या पत्रांत आहे. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ जानेवारी १८१३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. लेखिका तेव्हा हँपशरमधल्या चॉटन या खेड्यात राहत होती. छापील प्रत घरी आली त्याच दिवशी मिस बेन नावाची एक गरीब, अविवाहित शेजारीण जेवायला आलेली होती. रात्री तिला पहिल्या खंडाचा निम्मा भाग वाचून दाखवला गेला. पुस्तक लिहिणारी बाई याच खोलीत बसली आहे हे मात्र तिला कळू दिले नाही. परगावी गेलेल्या कॅसँड्राला, म्हणजे बहिणीला, ऑस्टिनने हे सगळे मोठ्या मिस्कीलपणे कळवले आहे. काही दिवसांनी लिहिलेल्या पत्रात मात्र कुरकुर आहे. दुसऱ्या संध्याकाळचे वाचन तितके रंगले नाही, कारण आई फार घाईने वाचते. तिला पात्रे उत्तम कळली आहेत, पण त्यांनी जसे बोलायला हवे तसे तिला बोलता येत नाही. लेखिकेच्या कानात प्रत्येक पात्राची बोलण्याची एक ठरलेली गती आणि ढब होती आणि आईच्या वाचनात ती बिघडत होती, असा या तक्रारीचा अर्थ. त्याच सुमारास तिने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे: संवादांत ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ आणखी काही ठिकाणी घातले असते तर बरे झाले असते, पण मंदबुद्धी वाचकांसाठी आपण लिहीतच नाही. पानावर हे संवाद वाचताना कोणते वाक्य कोणाचे हे कधी कधी बोटाने ओळी मोजून ठरवावे लागते. चांगला अभिवाचक असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

घरी बसून एकत्र वाचण्यामागे हौस होती तशी काटकसरही होती. इंग्लंडमध्ये मेणबत्त्यांवर १८३१ पर्यंत कर होता. एका उजेडात एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी शिवण-टिपण करत ऐकायचे, हा हिशेब मध्यमवर्गीय घरालाही पटण्यासारखा होता. नवी तीन खंडी कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना पडे. शेतमजुराची आठवड्याची कमाई आठ-दहा शिलिंगांच्या आसपास होती. म्हणून वर्षाला एक गिनी घेऊन पुस्तके फिरवणारी मुडीसारखी वाचनालये १८४० नंतर भरभराटीला आली आणि डिकन्सने महिन्याला एक शिलिंगाचा अंक काढून कादंबरी विकण्याची पद्धत रूढ केली. साक्षरतेचा प्रश्न होताच. १८४० च्या सुमाराच्या विवाहनोंदी पाहिल्या तर साधारण एक तृतीयांश नवरदेव आणि जवळपास निम्म्या नवऱ्या सहीच्या जागी फुली करत. जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या डिकन्सच्या चरित्रात एका मोलकरणीची हकीकत आहे. तिला वाचता येत नव्हते. ती तपकिरीच्या दुकानाच्या घरात भाड्याने राहत असे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिथला घरमालक सगळ्या भाडेकरूंना ‘डॉम्बी अँड सन’चा नवा अंक वाचून दाखवी. चहाची वर्गणी देणाऱ्यांनाच चहा मिळे. कादंबरी मात्र सगळ्यांना फुकट. ही एवढी मोठी गोष्ट एकाच माणसाने रचली यावर त्या बाईचा विश्वास बसेना. तिला वाटत होते की तीन-चार माणसांनी मिळून ती लिहिली असावी. त्या काळच्या कुठल्याही समीक्षकाने डिकन्सला यापेक्षा मोठी पावती दिली असेल असे मला वाटत नाही. आणि ती पावती ऐकणारीने दिलेली आहे.

कोण कोणाला वाचून दाखवतो, याकडे हे कादंबरीकार बारकाईने पाहत होते. ‘मॅन्सफील्ड पार्क’मध्ये आश्रित म्हणून वाढलेली फॅनी आळसावलेल्या लेडी बर्ट्रमला वाचून दाखवते, कारण आश्रिताच्या कामांपैकीच ते एक काम आहे. डिकन्सच्या ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये कचऱ्याच्या ढिगांवर अचानक श्रीमंत झालेला, अक्षरशत्रू बॉफिन एका लाकडी पायाच्या फेरीवाल्याला पगार देऊन रोमन साम्राज्याचा इतिहास वाचून घेतो, वाचणाऱ्याला त्यातले फारसे कळत नाही आणि ऐकणाऱ्याला त्याच्या अज्ञानाचा पत्ता नाही. जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’मधल्या डोरोथियाला वाटते, मिल्टनच्या मुली आंधळ्या बापाला न कळणाऱ्या भाषांतली पुस्तके वाचून दाखवत तसे आपणही विद्वान नवऱ्यासाठी करावे. पण या सगळ्यांत ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला प्रसंग मला सर्वांत भेदक वाटतो. पिपला ‘जंटलमन’ बनवण्यासाठी ज्या हद्दपार कैद्याने गुपचूप पैसा पुरवला तो मॅगविच लंडनला परत येतो आणि पिपला परकी भाषा वाचून दाखवायला सांगतो. त्यातला एक शब्दही त्याला कळत नाही. आपल्या पैशाने विकत घेतलेला सुसंस्कृतपणा त्याला फक्त कानांनी ऐकायचा आहे, आणि पिप शरमेने चेहरा हाताआड करून बोटांच्या फटीतून त्याचा अभिमान पाहतो. वर्ग ही ऐकू येणारी वस्तू आहे हे डिकन्सला पक्के माहीत होते.

आता ऑस्टिनची ‘एमा’. ती १८१५ च्या डिसेंबरात आली. हायबरी गावाच्या दिवंगत धर्मोपदेशकाची मुलगी मिस बेट्स ही त्यातली एक गौण वाटणारी बाई आहे: प्रौढ, अविवाहित, म्हाताऱ्या आईला सांभाळणारी, उत्पन्न जेमतेम, आणि बोलणे अखंड. एका वाक्यातून दुसऱ्यात, भाजलेल्या सफरचंदांवरून आईच्या चश्म्यावर, चश्म्यावरून भाचीच्या पत्रावर. छापील पानावर तिचे बोलणे सुरू झाले की वाचकाची नजर आपोआप खाली घसरते. ऑस्टिनचे निष्ठावंत चाहतेही ते परिच्छेद चाळतात. ऐकणाऱ्याला ही सोय नाही. त्याला मिस बेट्स पुरती ऐकावी लागते, हायबरीच्या लोकांना ऐकावी लागते तशीच. आणि लेखिकेने कादंबरीचे रहस्य तिथेच लपवून ठेवले आहे. दोनशे वर्षे उलटून गेल्यावर रहस्य फोडल्याचा दोष लागू नये: फ्रँक चर्चिल आणि मिस बेट्सची भाची जेन फेअरफॅक्स यांचा गुपचूप वाङ्‌निश्चय झालेला आहे, आणि गावात कोणालाच त्याचा सुगावा नाही. एका संध्याकाळी फ्रँक सहज विचारतो, गावचे औषधवैद्य मिस्टर पेरी गाडी घेणार होते त्याचे काय झाले? सगळे चकित, कारण ही बातमी त्याला कळवल्याचे कोणालाच आठवत नाही. तेव्हा तो ते स्वप्नावर ढकलून देतो. मग मिस बेट्स बोलते. गेली दोन मिनिटे ती आपले म्हणणे ऐकवायचा निष्फळ प्रयत्न करत होती, असे ऑस्टिन नमूद करते. गाडीचा तो बेत खरा होता, तो मोजक्या लोकांनाच ठाऊक होता, आजीने तो जेनला आणि मला सांगितला होता, मी तर कोणाजवळ बोलले नाही, अर्थात मी बडबडी आहेच. एवढे सगळे ती सांगून टाकते. म्हणजे फ्रँकला ते कोणाकडून कळले असेल याचे उत्तर उघड्यावर पडलेले असते. पण तोवर मंडळी दारातून आत चाललेली असतात आणि कोणाचेच लक्ष नसते. परिच्छेद चाळणारा वाचकही त्या मंडळींपैकीच एक होतो.

याच्या जोडीला बॉक्स हिलवरच्या सहलीचा प्रसंग ठेवावा. तिथे एक खेळ निघतो: प्रत्येकाने एक फार चतुर गोष्ट सांगावी, किंवा दोन बऱ्यापैकी, किंवा तीन अगदी रटाळ. मिस बेट्स हसत म्हणते की तीन रटाळ गोष्टी मला सहज जमतील. एमा टोला हाणते, एका वेळी तीनच सांगायच्या आहेत हीच तुमची अडचण. बोलणे थट्टेचे आहे आणि घाव खोल आहे. नंतर एमाचा जुना स्नेही नाइटली तिला सुनावतो तेव्हा तो शिष्टाचाराचा मुद्दा काढत नाही, परिस्थितीचा काढतो. ती तुझ्या बरोबरीची असती तर गोष्ट वेगळी होती; पण ती गरीब आहे, चांगल्या स्थितीतून उतरलेली आहे, आणि म्हातारपणी आणखी उतरणार आहे. मिस बेट्सची बडबड ज्याने डोळ्यांनी ओलांडली त्याला एमाचा टोमणा थोडा झोंबतो, थोडा गमतीचाही वाटतो. ज्याने ती तासन्‌तास ऐकली, आणि मनातल्या मनात ‘पुरे आता’ म्हटले, त्याच्या तोंडचे वाक्य एमाने पळवलेले असते. नाइटलीचे बोलणे मग त्यालाही लागू पडते. ही नैतिक चपराक ऑस्टिनने वेळ वापरून घडवली आहे, आणि वेळ हा ऐकण्याचा भाग आहे. वाचनात तो वाचकाच्या हाती असतो.

उच्चारांचा मुद्दा याहून सरळ आहे, पण त्यात एक गंमत दडलेली आहे. एकोणिसाव्या शतकातले कादंबरीकार नोकर, मजूर, मच्छीमार यांचे बोलणे वेड्यावाकड्या स्पेलिंगने लिहीत. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधले पेगॉटी कुटुंब, ‘वुदरिंग हाइट्स’मधला जोसेफ ही त्याची उदाहरणे. जोसेफची यॉर्कशरी बोली इतकी बिकट होती की ती कादंबरी लिहिणाऱ्या बहिणीच्या मृत्यूनंतर शार्लट ब्राँटेने १८५० च्या आवृत्तीत ती दक्षिणेकडच्या वाचकांसाठी थोडी सोपी केली. पानावर ती अक्षरांची जाळी वाटते. यॉर्कशरच्या माणसाने वाचली की माणूस उभा राहतो. पण गंमत ती नाही. या लिपीव्यवस्थेत साहेबाच्या बोलण्याला उच्चारच नसतो. त्याचे स्पेलिंग शब्दकोशातले, जणू तो हवेतून बोलतो आणि बोली फक्त गरिबांना असते. मुकाट्याने वाचताना आपण हा पक्षपात निमूट स्वीकारतो. अभिवाचकाला तसे करता येत नाही. साहेबाला आवाज द्यायचा म्हणजे त्याचीही एक ढब, एक तोरा द्यावा लागतो, आणि मग कळते की तोही एका ठिकाणचा, एका वर्गाचा माणूस आहे. ऑलिव्हर ट्विस्टला कोणता आवाज द्यायचा याचाही विचार करावा लागतो. गरिबांसाठीच्या वर्कहाउसमध्ये जन्मलेला, अनाथ म्हणून वाढलेला हा मुलगा अस्सल, शुद्ध इंग्रजी बोलतो. डोळ्यांना ते खटकत नाही. कानाला खटकते, आणि मग ध्यानात येते की ऑलिव्हर मुळात चांगल्या घरचा आहे हे डिकन्सने पहिल्यापासून त्याच्या तोंडी ठेवले होते. गरिबांच्या बाजूने एवढा लढलेला लेखक इथे रक्ताची थोरवी मानून बसला आहे. एलिझाबेथ गॅस्केल या बाबतीत जास्त सावध होती. तिचा नवरा विल्यम याने लँकशरच्या बोलीवर व्याख्याने दिली होती आणि ती ‘मेरी बार्टन’च्या पुढच्या आवृत्तीला जोडली गेली, ‘नॉर्थ अँड साउथ’मध्ये नायिका गिरणगावातले शब्द वापरू लागते तेव्हा तिची आई दचकते. मुलगी कोणाच्या बाजूला झुकते आहे हे आईला त्या शब्दांवरून कळलेले असते.

सगळ्यांत गंभीर आक्षेप इथेच येतो. अभिवाचक पात्रांना आवाज देतो, म्हणजेच तो अर्थही देतो. ऑस्टिनच्या गद्याचा जीव आहे तिच्या निवेदनातल्या दुटप्पी सुरात: वाक्य निवेदिकेचे, पण त्यातला गर्व, भीती किंवा भाबडेपणा पात्राचा. अवतरणचिन्ह नाही, ‘तिला वाटले’ असेही नाही. पानावर हा सूर वाचकाने स्वतः ओळखायचा असतो, आणि त्यातच निम्मा आनंद आहे. अभिवाचकाने उपरोध ठळक केला की वाचकाचे काम तोच करून मोकळा होतो. सपाट वाचला तर उपरोध मरतो. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण वाईट अभिवाचनाच्या बाबतीत तो शंभर टक्के खरा आहे. पण चांगल्या अभिवाचनाच्या बाबतीत असे म्हणावेसे वाटते की एकच चीज दोन गवयांकडून ऐकली म्हणजे चीज नासत नाही, तिच्यात काय काय होते ते समजते. ज्युलिएट स्टीव्हन्सनने ऑस्टिनच्या कादंबऱ्या आणि ‘मिडलमार्च’, टिमथी वेस्टने ट्रॉलपच्या बारसेटशर मालिकेतल्या कादंबऱ्या पूर्ण वाचल्या आहेत. दोघेही रंगभूमीवरचे कसलेले नट, आणि कुठे अभिनय आवरायचा याचे भान दोघांच्याही वाचनात दिसते. शिवाय मूक वाचक सूर लावतच नाही हे तरी कुठे खरे आहे? तोही मनात एक आवाज लावतोच. फक्त तो बहुतेकदा सगळ्या पात्रांना एकच असतो, त्याचा स्वतःचा.

लक्ष भटकण्याचा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच पुस्तकाचे भाग काहींनी वाचले, काहींनी ऐकले, काहींनी दोन्ही केले. आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. पण २०१३ च्या एका अभ्यासात स्वतः मोठ्याने वाचणारे सर्वांत कमी भरकटले आणि नुसते ऐकणारे सर्वांत जास्त. दोन्ही निष्कर्ष आपापल्या जागी खरे असू शकतात: लक्ष असेल तर ऐकलेले कळते, आणि लक्ष नसण्याची शक्यता ऐकताना जास्त असते. जॉर्ज एलियटच्या बाबतीत हे विशेष जाणवते. ‘मिडलमार्च’ पूर्ण ऐकायला पस्तीसएक तास लागतात, आणि त्यातली निवेदिका कथा थांबवून मानवी स्वभावाविषयी जे चिंतन करते त्याची वाक्ये पुन्हा मागे जाऊन वाचावीत अशी आहेत. अशा पानांना डोळेच हवेत. पण त्याच कादंबरीतले मिसेस कॅडवॉलडरचे तिरकस बोलणे किंवा फेदरस्टोनच्या मृत्युपत्राभोवती घुटमळणाऱ्या नातेवाइकांचा कलकलाट ऐकावा. मालमत्तेसाठी टपलेल्या कुटुंबाचे इतके जिवंत चित्र डोळ्यांनी वाचताना अर्धे निसटते. तेव्हा एकाच पुस्तकाला दोन्ही लागतात, असे म्हणणे जास्त प्रामाणिक.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो ऐकण्यावरचा नाही, ऐकण्याच्या गोडव्यावरचा आहे. शेकोटीभोवती कुटुंब जमले आहे, वडील वाचत आहेत, हे चित्र फार लोभस आहे. पण त्या वर्तुळात वाचायचे काय हे वडील ठरवत. शेक्सपिअरमधून कुटुंबात मोठ्याने वाचता न येणारे शब्द आणि प्रसंग गाळणारी बाउडलर भावंडांची ‘फॅमिली शेक्सपिअर’ १८०७ पासून निघाली, आणि त्यांच्या आडनावावरून अशा काटछाटीला नाव पडले. तरुण मुलीच्या गालांवर लाली येईल असे काहीही नको, हा निकष डिकन्सने ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मधल्या पॉडस्नॅपच्या तोंडी घालून त्याची टर उडवली, पण स्वतः डिकन्स आयुष्यभर तो पाळत आला. सर्वांत हास्यास्पद किस्सा हार्डीचा. ‘टेस’ १८९१ मध्ये ‘द ग्राफिक’ या कौटुंबिक साप्ताहिकात क्रमशः आली तेव्हा टेसच्या फसवणुकीचा प्रसंग बदलावा लागला, तिच्या अनौरस बाळाचा बाप्तिस्मा वगळावा लागला, आणि पाणी भरलेल्या वाटेवरून नायक एंजल गवळणींना उचलून नेतो त्या ठिकाणी त्याच्या हाती चाकाची ढकलगाडी द्यावी लागली. तरुण पुरुषाने तरुण बाईला उचलले हे घरी वाचवणार नाही म्हणून! पुस्तक निघताना हार्डीने गाडी काढून टाकली. तेव्हा या कादंबऱ्यांना कुटुंबाच्या कानांनी घडवले तसे त्यांचे पंखही कापले, हे खरेच आहे. पण हे कळले की कादंबरीत कुठे अचानक शांतता येते, कुठे प्रकरण संपते आणि पुढचे प्रकरण काही महिन्यांनी सुरू होते, याचा अर्थ लागतो. आज कानात हेडफोन घालून एकट्याने ऐकणाऱ्याला लाजायला कोणी समोर नसते, त्यामुळे त्या काळी काय गाळावे लागले हे त्याला जास्तच स्पष्ट ऐकू येते.

डिकन्सने स्वतः केलेली वाचने हा एक स्वतंत्र अध्याय आहे. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर यांच्या कथाकथनांना झालेली गर्दी ज्यांना माहीत आहे त्यांना त्या वाचनांची कल्पना करता येईल. १८५३ च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला धर्मादाय कामासाठी त्याने ‘ख्रिसमस कॅरल’ वाचली. १८५८ पासून तो पैसे घेऊन वाचू लागला, अमेरिकेचा दौरा केला, आणि शेवटचे वाचन मार्च १८७० मध्ये करून तीनच महिन्यांत वारला. त्याच्या वाचनाच्या प्रती वेगळ्या छापलेल्या असत आणि त्यांच्या समासांत हातवारे, स्वर यांच्या सूचना लिहिलेल्या असत. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्याने पूर्ण कादंबरी कधीच वाचली नाही. निवडक तुकडे कापून, घडवून वाचले: डॉम्बीच्या मुलाचा मृत्यू, ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या सायक्सने केलेला नॅन्सीचा खून. सभागृहाला परमोच्च क्षण लागतात. घराला आणि आजच्या ऑडिओबुकला मिस बेट्सही परवडते.

आपल्या हाती आलेले ऑडिओबुक मुळात अंधांसाठी सुरू झाले, हेही इथे नोंदवायला हवे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांचा विचार करून ब्रिटनमध्ये १९३५ साली बोलकी पुस्तके निघाली. अगदी पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती आणि जोसेफ कॉनरॅड होते. २००५ मध्ये मॉन्ट्रियलहून सुरू झालेल्या ‘लिब्रिव्हॉक्स’वर स्वयंसेवकांनी वाचलेल्या, प्रताधिकार संपलेल्या हजारो पुस्तकांच्या ध्वनिफिती फुकट मिळतात. त्यांचा दर्जा असमान आहे. कधी कधी एकाच कादंबरीची प्रकरणे वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी वाचलेली असतात, आणि हँपशरचा जमीनदार तिसऱ्या प्रकरणात टेक्ससचा होतो. तरीही तपकिरीच्या दुकानातल्या त्या वाचनाचा खरा वारसा याच उपक्रमाकडे आहे असे मला वाटते: वाचणारा हौशी, आणि ऐकायला पैसे लागत नाहीत.

मराठी वाचकापुढे यात एक खास अडचण आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी डोळ्यांनी शिकलेले असते. शेक्सपिअर वाचलेला माणूसही ब्रिटिश उच्चारांसमोर पहिल्या पाच मिनिटांत गांगरतो. त्यावर साधा उपाय आहे. या सगळ्या कादंबऱ्यांचा मजकूर ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर विनामूल्य आहे. पहिली दोन-तीन प्रकरणे पुस्तक समोर ठेवून ऐकावीत, वेग थोडा कमी करावा, आणि कान सरावला की पुस्तक मिटावे. सुरुवात ‘मिडलमार्च’पासून करू नये. ऑस्टिनही लगेच नको. गॅस्केलची ‘क्रॅनफर्ड’ घ्यावी: ती छोटी आहे, प्रकरणे सुटी सुटी आहेत, आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात एका मेजवानीत कॅप्टन ब्राउन ‘पिकविक’ मोठ्याने वाचतो, तर मिस जेंकिन्स त्याला उत्तर म्हणून डॉक्टर जॉन्सनचे ‘रासेलस’ वाचते आणि दोघांचे कायमचे बिनसते. ती सरली की ‘एमा’ घ्यावी. मिस बेट्स बोलू लागली की पुढे सरकवायच्या बटणाकडे बोट जाईल. ते तेवढे आवरावे.